काडतूस म्हातारं होतं म्हणजे काय होतं?

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या काडतुसाच्या बुडाकडे पाहिलं तर 'केएफ' ही अक्षरं दिसतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आणि किर्की म्हणजे इंग्रजी कागदांमधली आपली खडकी. कारखाना १८६९ सालचा. लष्करी मालासोबत तिथे .३१५ बोअरचं, म्हणजे नळीच्या त्या मापाचं, एक नागरी काडतूसही बनत आलं आहे. ते मुळात पुण्याचं नाही, भारताचं नाही आणि गंमत म्हणजे इंग्रजांचंही नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशाही फौजेसाठी १८९० च्या आसपास बेतलेलं ते '८ बाय ५० मानलिखर' आहे. ते साम्राज्य १९१८ मध्ये नकाशावरून पुसलं गेलं. त्याच्या शिपायांचं काडतूस मात्र भारतातल्या परवानाधारकांच्या कपाटात शंभर वर्षांनंतरही आहे.

या एका काडतुसाच्या मागे गेलं की रायफलीच्या काडतुसांच्या दुनियेतली एक विचित्र गोष्ट उलगडत जाते. यातली बरीच काडतुसं 'कालबाह्य' ठरली, पण जनावरासमोर कमी पडली म्हणून नव्हे. एखादा सरकारी हुकूम निघाला, कंपनीने नाव चुकीचं ठेवलं, नळीतल्या खाचांचा पीळ चुकला किंवा ज्या बंदुकीत ते बसायचं ती बंदूकच बंद झाली, अशीच कारणं बहुतेकदा सापडतात.

आधी वस्तू समजून घेऊ. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण काडतूस म्हणजे चार वस्तूंची पुरचुंडी असते. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, पोटात दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. कोकणात ठासणीची बंदूक पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. ठासणीत दारू वेगळी ओतायची, वर बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं आणि मागे टोपी लावायची. काडतुसात हे सगळं कारखान्यातच करून ठेवलेलं असतं. सोय झाली, पण तिच्याबरोबर एक बंधनही आलं. रायफलीत काडतूस जिथे बसतं ते घर एकाच आकाराचं कोरलेलं असतं. ठासणीत दारू आणि छर्रे सुटे भरता येतात, रायफलीला तिचंच काडतूस लागतं. ते काडतूस बनणं थांबलं की लाखमोलाची रायफल म्हणजे नक्षीदार काठी.

गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये सांगतात आणि इथेच वाचक गळतो. त्याला सोपा उपाय आपल्या सोनाराकडे आहे. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळ्याचं वजन पक्कं केलं ते बरोबर १८० ग्रेन. म्हणजे १८० ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळा. हरणावर चालणारी ९० ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याची, वाघासाठीची ४०० ग्रेनची जवळपास सव्वादोन तोळ्यांची आणि हत्तीसाठीची ५०० ग्रेनची पावणेतीन तोळ्यांच्या थोडी पुढे. आता वाचताना डोळ्यांपुढे वजन उभं राहील.

नावांना मात्र असा कुठलाच उपाय नाही. इंग्रजी .३०३ हे नळीचं इंचातलं माप, पण त्यात बसणारी गोळी प्रत्यक्षात .३११ इंचाच्या आसपास, कारण ती खाचांच्या तळापर्यंत भरावी लागते. अमेरिकेच्या 'थर्टी-ऑट-सिक्स'मधला सहा म्हणजे १९०६ साल. '.३०-३०' मधला दुसरा तीस म्हणजे दारूचे ग्रेन. '.२५०-३०००' मधले तीन हजार म्हणजे सेकंदाला फुटांचा वेग. आणि इंग्रजांच्या '.४५०/४००' मध्ये पहिला आकडा मूळ पुंगळीचा, दुसरा तिचं तोंड आवळून बसवलेल्या गोळीच्या मापाचा. एका देशाने जन्मसाल लिहावं, दुसऱ्याने वजन, तिसऱ्याने वेग, असा हा कारभार आहे.

आता त्या हुकुमाकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात मोठ्या शिकारीसाठी .४५० बोअरच्या दुनळी रायफलींचा बोलबाला होता. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये आणलेलं .४५० नायट्रो एक्स्प्रेस नावाचं काडतूस पावणेतीन तोळ्यांच्या आसपासची गोळी सेकंदाला सुमारे २,१५० फुटांनी फेकायचं. सरकारला भीती वेगळीच होती. इंग्रज फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली याच .४५० मापाच्या, आणि चोरीला गेलेल्या, विकल्या गेलेल्या मार्टिनी कुणाकुणाच्या हातात पोचल्या होत्या. शिकारीच्या नावाखाली आलेला माल बंडखोरांच्या कामी येईल म्हणून १९०७ मध्ये हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या आयातीवर बंदी आली. खरं तर शिकारीचं ते लांब, सरळ काडतूस मार्टिनीच्या बसक्या, बाटलीसारख्या घरात जातच नव्हतं. फार तर गोळ्या उपसून वापरता आल्या असत्या. पण हुकूम मापावर निघाला होता, आणि हुकूम वाचणारा कारकून काडतूस उघडून पाहत नाही.

लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? त्यांनी मापं केसभर इकडेतिकडे सरकवली. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढलं, जोसेफ लँगने .४७०, जेफरीने .४७५ नंबर दोन, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. सगळ्यांच्या गोळ्या ४८० ते ५२० ग्रेनच्या, सगळ्यांचा वेग २,१०० फुटांच्या आसपास. ज्या जनावराला लागायची त्याला यातला फरक कळला असता असं मला वाटत नाही. हिंदुस्थान सरकारच्या एका कागदाने आफ्रिकेतल्या हत्तीच्या शिकारीचं अख्खं शस्त्रागार बदलून टाकलं.

या भावंडांपैकी टिकलं ते .४७०. ते ताकदीने वरचढ होतं म्हणून नाही. लँगने ते इतर बंदूकवाल्यांना खुलं ठेवलं, हॉलंडने आपलं .४६५ घरातच ठेवलं. ज्याची रायफल चार दुकानांत मिळते त्याचं काडतूस चाळीस दुकानांत मिळतं. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या कायनॉक या काडतूस कंपनीने मोठ्या शिकारीच्या काडतुसांचं उत्पादन आवरतं घेतलं तेव्हा हे सगळंच खानदान पोरकं झालं. पुढे .४७० पुन्हा बनू लागलं आणि आफ्रिकेत आजही चालतं. बाकीची संग्राहकांच्या काचेच्या कपाटात जास्त दिसतात.

इथे एक प्रश्न पडतो. ही काडतुसं एवढी अवाढव्य का? तीन इंचांहून लांब पुंगळी कशाला? उत्तर आपल्या उन्हाळ्यात आहे. त्या काळची इंग्रजी दारू म्हणजे कॉर्डाइट, दिसायला अगदी शेवयांसारखी, बारीक धाग्यांची. ती तापमानाला हळवी. इंग्लंडच्या गारठ्यात तपासलेलं काडतूस नागपूरच्या वैशाखात तापलेल्या नळीत घातलं की आतला दाब चढायचा. दाब चढला की पितळी पुंगळी घराच्या भिंतींना चिकटून बसते आणि बाहेर निघत नाही. समोर जखमी वाघ आणि हातात न उघडणारी बंदूक, ही वेळ येऊ नये म्हणून कारागिरांनी पुंगळीचं पोट मोठं ठेवलं. दारू तेवढीच, पण भांडं मोठं, म्हणून दाब कमी. आजच्या मापाने पाहिलं तर ही काडतुसं आळशी वाटतात. तो आळस मुद्दाम ठेवलेला होता.

त्याच १९०७ साली कुमाऊंमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेटने मारलं. तिच्या नावावर ४३६ बळी होते. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. हेवेट यांनी त्याला बक्षीस दिली ती .२७५ बोअरची रिग्बी. मोठ्या जनावरासाठी कॉर्बेटकडे जेफरीची .४५०/४०० दुनळीही होती, सव्वादोन तोळ्यांची गोळी फेकणारी. पण नाव निघतं ते .२७५ चं, आणि ते निघायला हवंच.

कारण .२७५ रिग्बी हे लंडनचं नाव लावलेलं जर्मन काडतूस आहे. माउझरचं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीचं ७ बाय ५७, म्हणजे सात मिलिमीटरची गोळी आणि सत्तावन्न मिलिमीटर लांबीची पुंगळी. सात मिलिमीटर म्हणजे साधारण .२७६ इंच, म्हणून इंग्रजी पाटीवर .२७५. बोअर युद्धात, १८९९ ते १९०२, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या शेतकऱ्यांनी याच काडतुसाने इंग्रज फौजेला रडवलं होतं. त्यानंतर इंग्रज शिकाऱ्यांनी ते आपलंसं केलं, यात मला थोडी मजा वाटते.

त्याची खरी करामत समजायला गोणी शिवायचं दाभण आठवा. दाभण आणि जाड खिळा एकाच जोराने गोणीवर टोचा, दाभण आरपार जाईल. गोळीचंही तसंच आहे. जाडीच्या मानाने लांब आणि जड गोळी खोल शिरते. माउझरची जुनी १७३ ग्रेनची गोळी सात मिलिमीटर जाडीची, पण वजन जवळजवळ तोळाभर, म्हणजे दाभणच. वॉल्टर बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने असल्या कडक कवचाच्या गोळीने आफ्रिकेत हत्ती मारले. आयुष्यात त्याने मारलेल्या हत्तींची संख्या हजाराच्या वर जाते, त्यातले बहुतेक या काडतुसाने. आज तो आकडा वाचून अंगावर काटा येतो. त्यातून शिकायचं ते एवढंच की बेलला हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो ते ठाऊक होतं, आणि बंदुकीचा धक्का इतका कमी होता की त्याचा नेम हलत नसे. हे कुणी करून पाहू नये म्हणूनच आफ्रिकेतल्या अनेक देशांनी हत्ती-रेड्यांसाठी किमान .३७५ ची अट कायद्यात घातली आहे.

धक्क्याचा मुद्दा शिकारीच्या गप्पांमध्ये नेहमी मागे राहतो. जोरदार काडतुसाची रायफल खांद्यावर लाथ मारते. चार-पाच बार झाले की शरीर शिकतं आणि चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा चोरला जातो. मग कितीही वेगवान गोळी असो, ती पोटात लागते आणि जनावर दोन दिवस तडफडतं. जंगलात बार साधारण शंभर मीटरच्या आतच होतो. तिथे तीनशे मीटरसाठी घडवलेल्या काडतुसाचा उपयोग काय, तर गोंगाट. १४० ग्रेनची, पाऊण तोळ्याची गोळी २,७०० फुटांच्या आसपास फेकणारं ७ बाय ५७ हरणासारख्या जनावराला १९०७ मध्ये जेवढं पुरायचं तेवढंच आजही पुरतं. जनावराची छाती काही या शंभर वर्षांत जाड झालेली नाही.

मग ते मागे का पडलं? अमेरिकेत त्याचं कारण फारच साधं आहे. १८९३, १८९५ सालच्या जुन्या माउझर रायफली लाखोंनी पसरल्या होत्या. त्यांचं पोलाद आजच्याइतकं भक्कम नव्हतं. कारखान्याला माहीत नसतं की आपलं काडतूस नव्या बंदुकीत जाणार की आजोबांच्या. म्हणून तो सगळ्यात अशक्त बंदुकीला सोसेल एवढाच दाब भरतो. मग ग्राहक डब्यावरचा वेग वाचतो, शेजारच्या नव्या काडतुसाचा वेग वाचतो आणि म्हणतो, हे जुनं मिळमिळीत आहे. मिळमिळीत काडतूस नसतं, भरणावळ असते. युरोपात तेच काडतूस जास्त दाबाने भरतात आणि तिथे त्याची इज्जतही शाबूत आहे.

स्वीडन-नॉर्वेच्या ६.५ बाय ५५ चीही हीच कथा. १८९४ सालचं हे काडतूस. त्याने स्कँडिनेव्हियात दर शरद ऋतूत एल्क मारले जातात, आणि एल्क म्हणजे आपल्या म्हशीएवढा देह. २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीने ६.५ क्रीडमूर आणलं आणि जणू साडेसहा मिलिमीटरचा शोध आत्ताच लागला असा गाजावाजा झाला. क्रीडमूर चांगलंच आहे, आखूड आहे, आजच्या बंदुकांत नीट बसतं. पण गोळी त्याच जातीची, वेगातला फरक शे-दीडशे फुटांचा, आणि एल्कच्या बाजूने पाहिलं तर शून्य.

माउझरच्या पुंगळीला अमेरिकेत लेकरंही झाली. तिचं तोंड आवळून नेड रॉबर्ट्सच्या कल्पनेवरून झालेलं .२५७ रॉबर्ट्स रेमिंग्टनने १९३४ मध्ये बाजारात आणलं. त्याच वंशात १९५५ मध्ये .२४४ रेमिंग्टन जन्मलं, आणि त्याची फजिती मला या सगळ्या विषयातली सर्वांत शिकवण्यासारखी वाटते.

त्यासाठी भोवरा आठवा. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, गिरकी मंदावली की लडखडतो. नळीतल्या पीळदार खाचा गोळीला हीच गिरकी देतात. गोळी जितकी लांब तितकी गिरकी जोरात लागते. रेमिंग्टनला वाटलं, .२४४ चं गिऱ्हाईक शेतातली घुशीसारखी उपद्रवी जनावरं मारणार. म्हणून त्यांनी बारा इंचांत एक फेरा असा सैल पीळ दिला आणि ७५ व ९० ग्रेनच्या हलक्या गोळ्या भरल्या. त्याच वर्षी विंचेस्टरचं .२४३ आलं, दहा इंचांत एक फेरा आणि सोबत १०० ग्रेनची गोळी. अमेरिकन माणसाला एकाच बंदुकीत घूस आणि हरीण दोन्ही हवं होतं. त्याने .२४३ उचललं. पुंगळी .२४४ ची मोठी, म्हणजे ताकद किंचित जास्तच. रेमिंग्टनने नंतर पीळ नऊ इंचांवर घट्ट केला, १९६३ मध्ये नाव बदलून '६ मिमी रेमिंग्टन' केलं, पण बाजार एकदा वळला की परत फिरत नाही. आज .२४३ कुठल्याही अमेरिकन गावात मिळतं आणि ६ मिमी रेमिंग्टनसाठी फिरावं लागतं. पिळातला दोन-तीन इंचांचा फरक, बाकी काही नाही.

याच कंपनीने १९५७ मध्ये .२८० आणलं, मग १९७९ मध्ये त्याला '७ मिमी एक्स्प्रेस' म्हटलं, मग गोंधळ झाला म्हणून परत .२८० म्हटलं. नाव बदलून लग्न जमवायचा प्रकार. काडतूस उत्तम होतं.

बंदुकीबरोबर मेलेलं काडतूस पाहायचं असेल तर .४०५ विंचेस्टर पाहा. १९०४ चं, ३०० ग्रेनची गोळी २,२०० फुटांनी. जॉन ब्राउनिंगने घडवलेल्या विंचेस्टरच्या १८९५ नमुन्याच्या खटकेवाल्या रायफलीत ते बसायचं. थिओडोर रूझवेल्ट १९०९ च्या आफ्रिका दौऱ्यावर ते घेऊन गेला आणि सिंहाच्या शिकारीत त्याच्यावर खूश झाला. आपल्याकडे बंगळूरच्या केनेथ अँडरसनने दक्षिणेतले नरभक्षक वाघ आणि बिबटे याच रायफलीने मारले. गेंड्या-रेड्यासाठी ती गोळी जाडीच्या मानाने आखूड, दाभण नव्हे खिळा. वाघासाठी मात्र खिळाच बरा, कारण वाघाची कातडी पातळ, धक्का जवळच उतरायला हवा. ती रायफल १९३० च्या दशकात थांबली आणि पुढे काडतुसाचा श्वासही थांबला. २००० च्या सुमारास कंपनीने रायफल पुन्हा काढली, तेव्हाच काडतूसही परत दिसू लागलं.

राहिली आपली थ्री नॉट थ्री. १८८८ मध्ये काळ्या दारूचं म्हणून सुरू झालेलं, काही वर्षांत कॉर्डाइटवर आलेलं हे काडतूस. जखम पुरेशी होत नाही या तक्रारीवरून कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तिची मऊ तोंडाची, लागल्यावर फुलणारी गोळी निघाली, तीच बदनाम 'दमदम'. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात ती वर्ज्य ठरवली. शिकारीत मात्र उलट आहे. न फुलणारी गोळी हरणातून बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर जखमी अवस्थेत पळत राहतं, म्हणून तिथे मऊ तोंडाची गोळीच दयेची. कॅनडात थ्री नॉट थ्रीने पिढ्यान्पिढ्या मूस मारले गेले, आणि तिथल्या उत्तरेकडच्या रेंजर्सनी याच काडतुसाची ली-एनफिल्ड रायफल अगदी अलीकडेपर्यंत खांद्यावर वागवली.

भारतात ती सामान्य माणसाला मिळत नाही. लष्करी बोअर म्हणून .३०३ 'प्रतिबंधित'. म्हणजे इंग्रजांनी घातलेली मेख अजून तिथेच आहे. आणि म्हणूनच .३१५. फौजेच्या मापाला हात लावायचा नाही, पण परवानाधारकाला रायफल तर हवी, या अडचणीतून इंग्रजी अमदानीतच परक्या फौजेचं ते मानलिखर उचललं गेलं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्याने त्या मापाची पाच काडतुसांची रायफल बनवली, दिसायला थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे तोळा आणि वर सव्वाचार मासे. वेग दोन हजार फुटांच्या आसपास, तोंड बोथट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला, त्याआधी सांबर-डुकरापुढे ते अगदी योग्य काडतूस होतं. आता ते बहुतेक कपाटातच असतं, परवान्याच्या नूतनीकरणाला बाहेर निघतं, आणि बुडावरच्या 'केएफ'कडे बघून मालकाला वाटतं की हे अस्सल देशी आहे.